काळी दोनमधला फ्रेंच

शनिवार पेठेत एका चपलांच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांत, आमचा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. आमचा म्हणजे मालकांचा. मी तिथे कोरसमध्ये गायचे आणि जाहिरातींना आवाज द्यायचे. बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून भिंतींना काथ्याच्या चटया आणि त्यांवर अंड्यांचे रिकामे ट्रे ठोकलेले होते. पेठेतून अंड्यांचे ट्रे उघड्यावर नेणं मालकांना शक्य नव्हतं, त्यामुळे ते पोत्यात भरून, कोणी विचारलंच तर बटाटे आहेत असं सांगत, वर चढवण्यात आले होते. त्या ट्रेंच्या सान्निध्यात आम्ही वर्षानुवर्षं आरत्या रेकॉर्ड केल्या. एकाही देवानं तक्रार केली नाही. तक्रार करायला खाली चपलावाला होताच.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. देशानं नुकतेच दरवाजे उघडले होते, असं पेपरात येत असे. आमच्या जिन्याचा दरवाजा मात्र पावसानं फुगून घट्टच बसायचा. तो खांद्यानं ढकलून एका सकाळी एक उंच, वाळका, पिंगट दाढीचा गोरा माणूस आत आला. त्याच्या एका हातात गिटार होती आणि दुसऱ्या हातात जळलेला अॅम्प्लिफायर. पुण्याच्या विजेनं त्याचं स्वागत केलं होतं. वाद्यांच्या दुकानदारानं त्याला आमच्याकडे धाडलं होतं, कारण आमचे मालक काहीही दुरुस्त करतात अशी त्यांची ख्याती होती. ती त्यांनीच पसरवली होती.

अॅम्प्लिफायर मात्र खरंच दुरुस्त झाला. तो चालतोय का हे पाहायला त्या माणसानं जरा गिटार छेडली. मालकांनी सोल्डरिंगची लोखंडी पेन्सिल खाली ठेवली, आणि हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. गणपती तोंडावर आले होते, गल्लीगल्लीतला माणूस आपापली आरत्यांची कॅसेट काढायच्या घाईत होता आणि आमच्या नेहमीच्या गिटारवाल्याला कावीळ झाली होती. मालकांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, आज दुपारी बसता का. त्यानं त्याहून मोडक्या इंग्रजीत विचारलं, कुठल्या सुरात. पेटीवाले म्हणाले, काळी दोन. म्हणजे पेटीवरची दुसरी काळी पट्टी धरून. हे त्याला कोणी समजावलं नाही. त्यानं पेटीवाल्यांच्या बोटाकडे पाहिलं, मान हलवली आणि गिटार लावली.

त्या दिवशी मला समजलं की आपण आजवर ज्याला गिटार म्हणत होतो तो खडखडाट होता. हा माणूस असा वाजवायचा की तो वाजवतोय हे कळूच नये. गायक ओळ संपवून श्वास घ्यायचा, तेवढ्या फटीत हा दोन सूर ठेवायचा आणि बाजूला व्हायचा. गायकाला वाटायचं, आज आपण काय गायलो. गायक मंडळींना तसंही रोज तेच वाटतं, पण त्या दिवशी आम्हालाही वाटलं. न दिसणारा वादक आम्हाला मिळाला होता, आणि तो फ्रेंच होता.

त्याची हकीकत हळूहळू कळत गेली. तरुणपणी तो पॅरिसमध्ये हेच काम करायचा. सकाळी एका स्टुडिओत एका गायिकेच्या मागे, दुपारी दुसरीकडे साबणाच्या जाहिरातीत, संध्याकाळी तिसरीकडे. त्याचे सूर तिकडे घरोघरी माहीत होते, तो मात्र शेजाऱ्यालाही माहीत नव्हता. मग त्याच्या बायकोला मनःशांती हवीशी झाली. ती मिळवायला पॅरिसहून लोक पुण्यात येत असत. आम्ही स्वारगेटजवळ वाढलेली माणसं, त्यामुळे हा प्रकार आम्हाला कधी नीट उमगला नाही. ती इथल्या एका आश्रमात आली आणि तो तिच्यामागून आला. तिला शांती मिळाली, पण त्या शांतीत नवऱ्याला जागा नव्हती. ती कुणाबरोबर तरी गोव्याला गेली. त्याच्याकडे परतीचं तिकीट होतं, पण त्या तारखेला नेमकं आमच्याकडे दत्ताच्या पदांचं रेकॉर्डिंग निघालं. मालकांनी विचारलं, येताय ना. तो आला.

तो बिबवेवाडीत, आमच्या मागच्याच सोसायटीत, एका खोलीत राहायला लागला. मला ताई म्हणायचा, मी अहो म्हणायचे. मराठी तो स्टुडिओत शिकला, त्यामुळे त्याचं पहिलं पूर्ण वाक्य ‘परत घ्या, बेसूर होतंय’ असं होतं. पुणं त्याला आवडलं याचं एक कारण मला ठाऊक आहे. दुपारी दुकानं बंद ठेवून झोपतात, यावर हसला नाही असा परदेशी माणूस मी तेवढाच पाहिला. त्याच्या आजोळच्या गावीही तसंच होतं म्हणे. आमच्यावर हसणाऱ्या मुंबईकरांना मी पुढे कितीतरी वर्षं फ्रान्सचा दाखला दिला.

देशाचे दरवाजे जसे अधिक उघडत गेले, तशा जाहिराती वाढल्या. मसाले, छत्र्या, साड्या, सहकारी बँका, सगळ्यांनाच आता गाणं हवं होतं. चाली हाच बांधायचा. चहा पिता पिता, गुडघ्यावर ताल धरून, अशी चाल काढायचा की मसाल्याच्या गाण्यानं खरोखर भूक लागावी. कागदावर संगीतकार म्हणून नाव मात्र मालकांचं जायचं. मला राग यायचा. एकदा मी त्याला विचारलंच. तो म्हणाला, ‘ताई, नाव छापलं की लोक नाव वाचतात. मग ऐकत नाहीत.’

मला हे फार खोल वाटलं. आठवडाभर मी ते घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं. माझ्या नवऱ्यानं विचारलं, म्हणजे त्याचं नाव कोणी छापतच नाही ना? माझा नवरा कारखान्यात गुणवत्ता तपासणीला होता. त्याला खोल गोष्टींचा तळ लगेच दिसायचा.

त्या काळातलं एक गिऱ्हाईक माझ्या मनात राहिलं आहे. शहरालगतच्या, नुकत्याच महापालिकेत आलेल्या एका गावचे शेतकरी. जमिनीवर इमारती उभ्या करून ते बिल्डर झाले होते. गळ्यात जाड साखळी, पायात अजून कोल्हापुरी. त्यांना आपल्या गृहसंकुलाच्या उद्‌घाटनासाठी संगीत हवं होतं. ते म्हणाले की ऐकणाऱ्याला आपण परदेशात असल्यासारखं वाटलं पाहिजे, पण मधे आरतीही झाली पाहिजे, कारण आई येणार आहे. संकुलाचं नाव त्यांनी फ्रेंच ठेवलं होतं. कुठल्याशा अत्तराच्या खोक्यावरून उचललेलं, त्यातही दोन अक्षरं चुकलेली. आमच्या फ्रेंचानं ते वाचलं आणि तो अवघडला. मालकांनी खोदून विचारलं, तेव्हा त्यानं खालच्या आवाजात मला सांगितलं आणि मी बिल्डरसाहेबांना सांगितलं, की असं लिहिलं तर त्याचा अर्थ गुरांचा गोठा असा होतो.

त्यांनी गळ्यातली साखळी सरळ केली. मग म्हणाले, ‘मंग बरूबर हाय की. हितं गोठाच व्हता आमचा.’

नाव तसंच राहिलं. उद्‌घाटनाला तो शामियान्यात गिटार घेऊन बसला आणि जे वाजवलं ते परदेशासारखं आणि आरतीसारखं, दोन्ही होतं. साहेबांच्या आईनं शेवटी त्याच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली. त्या संकुलात आता संगणकवाले राहतात. आपण कशात राहतो हे त्यांना अजून कोणी सांगितलेलं नाही.

मग मालकांनी कीबोर्ड घेतला. त्यात शंभर वाद्यं होती आणि त्यातलं एक गिटार होतं. ते चहा पीत नव्हतं, तारा लावायला वेळ घेत नव्हतं आणि परत घ्या असं कधीच म्हणत नव्हतं. वर्षभरात काम कीबोर्डकडे गेलं. मालकांना वाईट वाटत होतं, हे मी खात्रीनं सांगते. ते त्याला रोज चहाला बोलवायचे. तो यायचा, कोपऱ्यात बसायचा आणि त्या डब्यातून निघणारी गिटार ऐकायचा. एकदा मालकांनी न राहवून विचारलं, कशी वाटते. तो म्हणाला, आवाज चांगला आहे, माणूस कोण आहे. त्यानंतर मालक त्याच्यासमोर गिटारचं बटण दाबेनासे झाले. तो आला की सनई लावायचे.

इथून पुढे त्याचं जे झालं ते केवळ पुण्यातच होऊ शकतं. आमच्या सोसायटीतली एक मुलगी हिंजवडीला नोकरीला होती. मूळची अमरावतीची. तिच्या कंपनीला फ्रान्सचं मोठं काम मिळालं होतं आणि फ्रेंच शिकवायला माणूस हवा होता. ती त्याला घेऊन गेली. ज्या हातांत आयुष्याची मेहनत होती त्यांची गावाला गरज नव्हती. जी भाषा त्याला आईनं फुकट शिकवली होती तिच्यासाठी मात्र कंपनीनं त्याला बस दिली, गळ्यात ओळखपत्र दिलं आणि थंडगार खोलीत मऊ खुर्ची दिली. स्वारगेटला कंपनीच्या बसमध्ये चढताना मी त्याला पाहिलं, तर त्या ओळखपत्रावर त्याचा फोटो होता. पुण्यात त्याचा चेहरा छापला गेला तो असा.

गिटार तो सोबत न्यायचाच. पोरांना क्रियापदं पाठ होईनात, तेव्हा त्यानं त्यांना चाली लावल्या. अमरावतीची पोरगी सांगायची की आख्खा मजला ‘मी जातो, तू जातोस’ फ्रेंचमधून गात जेवायला जातो. हे वरपर्यंत गेलं. वरच्या साहेबांनी त्याला बोलावलं. कंपनीला ग्राहकांना फोनवर ताटकळत ठेवताना वाजवायचं संगीत हवं होतं. उत्साही असावं पण उत्तेजक नको, शांत असावं पण झोप येऊ नये आणि मुख्य म्हणजे कोणाच्या लक्षात राहू नये. त्या शेवटच्या अटीत त्याचा हात धरणारा जगात दुसरा कोणी नव्हता.

त्यानं सुंदर काहीतरी बांधलं. मी ते पूर्ण ऐकलं आहे, आमच्याच स्टुडिओत रेकॉर्ड झालं. सुरुवातीला नुसतं बोटांनी छेडणं, मग त्यातून एक सूर वर चढतो आणि चढता चढता मागे वळून पाहतो, असं काहीसं. साहेबांनी त्यातला वर चढण्याआधीचाच तुकडा घेतला आणि तो पुन्हा पुन्हा फिरवला. वर माझा आवाज: आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा. त्याला वाईट वाटलं का, मी विचारलं. तो म्हणाला, थोडं. मग म्हणाला, पॅरिसमध्येही असंच कापायचे, फक्त कात्री जरा महाग होती.

कंपनीनं ते आणखी कुणाकुणाला विकलं असावं. कारण पुढे एकदा आमचं क्रेडिट कार्ड अडलं म्हणून मी फोन केला, तर मीच मला प्रतीक्षा करायला सांगितलं. मागून तो वाजवत होता. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून मी उभी राहिले. तो सूर वर चढणार, असं वाटायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. दरवेळी मला वाटायचं, आता चढेल. मधेच एक मुलगा फोनवर आला आणि मी तुमची काय मदत करू शकतो, म्हणाला. मला त्याचा इतका राग आला की कार्डाचं काय अडलं होतं तेच मी विसरले.

मग एक दिवस फ्रान्सहून एक तरुण त्याला शोधत आला. पाठीवरच्या पिशवीत जुन्या तबकड्या. शनिवार पेठेचे चार जिने चुकून तो आमच्याकडे पोचला. त्यानं सांगितलं की आमच्या माणसानं तरुणपणी स्वतःच्या रचनांची एक तबकडी काढली होती. तेव्हा ती कोणीही घेतली नव्हती. आता तिकडचे शौकीन तिच्यासाठी तळमळत होते, आणि हा माणूस जिवंत आहे की नाही यावर इंटरनेटवर वाद चालला होता. त्यानं ती तबकडी मालकांच्या जुन्या प्लेयरवर लावली. आम्ही ऐकली. आमचा फ्रेंच खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून उभा होता. संपल्यावर मालक इतकंच म्हणाले, ‘अहो, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.’ तो म्हणाला, तुम्ही विचारलं नाहीत. आणि ते खरं होतं. आम्ही इतकी वर्षं त्याला फक्त पट्टी सांगत आलो होतो.

बातमी पेपरात आली. मग अर्थातच सत्कार झाला. एरवी ज्यांनी त्याला जिन्यात वाट दिली नव्हती त्यांनी समिती केली. व्यासपीठावर शाल, श्रीफळ आणि पगडी. पगडी लहान होती, ती धरायला मागे एक गृहस्थ उभे केले होते. प्रमुख पाहुण्यांनी त्यांच्या युरोपच्या सहलीचं सविस्तर वर्णन केलं. दुसऱ्या वक्त्यांनी भारतीय संगीत कसं श्रेष्ठ आहे हे सांगितलं. तिसऱ्यांनी पहिल्या दोघांचे आभार मानून स्वतःची कविता म्हटली. गिटार खुर्चीशेजारी पेटीत पडून होती. ती उघडायची वेळ आली तेव्हा वेळेअभावी फक्त दोन शब्द बोलावेत अशी विनंती करण्यात आली. तो मराठीत बोलला. सभागृह टाळ्यांनी दुमदुमलं. बाहेर पडताना माझ्या पुढे चाललेल्या एक बाई म्हणाल्या, ‘ळ काय सुरेख म्हणतात हो.’ त्याचा एक सूरही त्यांनी ऐकला नव्हता आणि ऐकायचा राहिला हे त्यांच्या गावीही नव्हतं.

तो तरुण त्याला पॅरिसला घेऊन गेला. आम्ही विमानतळावर पोचवायला गेलो. मालकांनी डब्यात चकल्या दिल्या. मला वाटलं, गेला. इतकी वर्षं परक्या गावात राहिलेला माणूस, आता घरी नाव होतंय, कशाला परत येईल. घरी येऊन मी विनाकारण नवऱ्याशी भांडले.

थंडी संपायच्या आत तो परत आला. तिकडे कार्यक्रम झाले, लोक आले, पण पोस्टरवर त्याचा जो फोटो होता त्यात त्याला कुडता घालून, गुडघ्याशी उदबत्ती लावून बसवलं होतं. सगळे विचारत होते की सतार कधी वाजवणार. तो त्यांना सांगायचा की मला सतार येत नाही, मी पुण्यात छत्र्यांच्या आणि मसाल्याच्या जाहिराती वाजवायचो. ते हसायचे, त्यांना ती नम्रता वाटायची. ‘इथे मी फ्रेंच,’ तो मला म्हणाला, ‘आणि तिथे इंडियन. गिटारवाला कुठेच नाही.’ हे त्यानं हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. मी चहा टाकला.

तोवर मालकांनी स्टुडिओ विकला होता. त्या खोल्यांत संगणकाचा क्लास निघाला आणि अंड्यांचे ट्रे या वेळी दिवसाढवळ्या खाली उतरले. पेठ तेवढी सुधारली होती. पण माइक मालकांनी विकले नव्हते. एका सकाळी रिक्षात माइक आणि वायरींची भेंडोळी घालून ते बिबवेवाडीला आले आणि त्याच्या खोलीत, त्याला न विचारता, मांडामांड करू लागले. खिडक्यांना गाद्या लावल्या. मला म्हणाले, बाई, तुम्हीही बसा. मी विचारलं, कोरसला का. ते म्हणाले, नाही, एकट्या.

आयुष्यभर मी चौघीजणींत तिसरी होते. शब्द नव्हते, नुसता ‘आ’कार लावायचा होता. त्यानं सूर दिला आणि मी गायले तेव्हा आवाज कापत होता. मी परत घेऊया म्हणाले. मालकही परत घेऊया म्हणाले. तोच नको म्हणाला. कापतोय ते राहू दे, म्हणाला. ज्या माणसाचं पहिलं मराठी वाक्य काय होतं ते मी वर सांगितलं आहे, त्यानं हे म्हणावं याचा मालकांना धक्काच बसला.

आठ-दहा रचना अशा झाल्या. त्यातल्या एकीत, नेमक्या शांत जागी, शेजारच्या वहिनींच्या कुकरची शिट्टी आली. मालकांनी कपाळावर हात मारला. त्यानं तीही ठेवली. पुढे त्या तरुणानं फ्रान्समध्ये या रचनांची तबकडी काढली. तिथल्या एका मासिकात परीक्षण आलं, ते आमच्या फ्रेंचानं आम्हाला वाचून, मराठीत करून सांगितलं. परीक्षकानं बाकीच्या संगीताबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या आणि एक संपूर्ण परिच्छेद शिट्टीवर. नागर एकाकीपणाची धारदार किंकाळी, असं काहीतरी.

तबकडी आल्यावर आम्ही त्याच्या खोलीत ती ऐकायला बसलो. मालक, मी, माझा नवरा. वहिनींना शिट्टीचं कळलं होतं, म्हणून त्या सुनेला घेऊन आल्या होत्या. शिट्टी येईपर्यंत त्या पदर सावरून शांत बसल्या. ती आली तेव्हा सुनेकडे पाहून म्हणाल्या, ‘तुरीची डाळ होती.’ मग दोघी उठल्या आणि भाजी चिरायची आहे म्हणून निघून गेल्या. दार लागलं. तबकडी अजून बरीच बाकी होती. माझ्या नवऱ्यानं, ज्याला कधीच काही सांगावं लागत नाही, उठून खडखडणारा पंखा बंद केला.